आनेकलहून शहराकडे : प्रवासखर्चाच्या दोन वह्या

एखाद्या मोठ्या शहरात रोज कामावर जाण्यायेण्याचा खर्च किती, हा प्रश्न वरवर पाहता तिकिटाच्या दराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर खर्च या शब्दात काय धरायचे आणि काय सोडायचे यावर अवलंबून असल्यामुळे, एकाच घरातील दोन माणसे एकाच रस्त्याचा हिशेब मांडून परस्परविरुद्ध निष्कर्षांवर येऊ शकतात. बंगळूर नागरी जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेले आनेकल हे तालुक्याचे गाव या मतभेदाच्या अभ्यासासाठी विशेष उपयोगी आहे. शहराच्या मध्यापासून ते सुमारे ३५ किलोमीटरांवर आहे; होसूर रस्ता म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावातून जात नाही, तर दहा-अकरा किलोमीटरांवरच्या चंदापूरहून जातो; आणि जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात असूनही असंख्य रहिवाशांची नोकरी मात्र इलेक्ट्रॉनिक सिटीत किंवा त्याहून आत, जयनगरच्या बाजूला असते. शिवाय १० ऑगस्ट २०२५ रोजी नम्म मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे, म्हणजे आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या १९.१५ किलोमीटर लांबीच्या आणि सोळा स्थानकांच्या मार्गाचे, उद्घाटन झाल्यापासून येथील प्रत्येक घराला आपला जुना हिशेब पुन्हा तपासणे भाग पडले आहे.

पुढील चर्चेतील दोन पक्ष कल्पित असले तरी त्यांची मते कल्पित नाहीत. पहिला पक्ष काकांचा : आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून काम केलेले, महाराष्ट्रातून मुलाच्या कुटुंबासह आनेकलला येऊन राहिलेले आणि घरखर्चाची वही स्वतः लिहिणारे गृहस्थ. दुसरा पक्ष त्यांच्या पुतणीचा : ती वाहतूक नियोजन शिकलेली आहे आणि वहीत जे उतरत नाही त्याचीही मोजदाद व्हावी असे तिला वाटते. चर्चेचा विषय मुलाचा आणि सुनेचा रोजचा प्रवास. दोघेही जयनगरच्या आसपास नोकरी करतात, असे धरून चालू.

काकांची मांडणी अशी की, तुलना करायची तर आधी सर्व साधनांना एकच माप लावले पाहिजे. जाण्याचे अंतर ३२ किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले, तर महिन्याची धाव १,५३६ किलोमीटर होते. स्कूटर एका लिटरमध्ये ४५ किलोमीटर जाते असे मानले आणि २०२५ मधील बंगळूरचा पेट्रोलचा दर १०३ रुपयांच्या जवळ घेतला, तर इंधनाला सुमारे ३,५१६ रुपये लागतात. बहुतेक कुटुंबे हिशेब येथेच थांबवतात, आणि काकांच्या मते हीच मूळ चूक आहे, कारण स्कूटर झिजते. एक लाखाची स्कूटर आठ वर्षे वापरून वीस हजारांना विकली, तर उरलेले ऐंशी हजार रुपये शहाण्णव महिन्यांत विभागले जाऊन दरमहा ८३३ रुपये पडतात. यालाच हिशेबशास्त्रात घसारा म्हणतात, म्हणजे वस्तू वापरात राहिल्याने तिच्या किमतीत दरवर्षी होणारी घट. टायर, तेल आणि दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला चाळीस पैसे, म्हणजे ६१४ रुपये, आणि विम्याचे १५० रुपये मिळवले की महिन्याचा आकडा ५,११३ होतो, आणि दर किलोमीटरला सव्वातीन रुपयांहून थोडे अधिक पडतात.

याच्या शेजारी काकांनी बसचा आकडा मांडला. बीएमटीसी या बंगळूरच्या शहर बससेवेच्या साध्या बसचा मासिक पास जानेवारी २०२५ मधील दरवाढीनंतर १,२०० रुपयांचा झाला. त्याआधी तो १,०५० रुपयांना मिळत असे. ही वाढ ज्यांना टोचली त्यांची तक्रार काका नाकारत नाहीत, पण १,५३६ किलोमीटरांवर हा पास पसरला तर किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर पैसे पडतात, म्हणजे स्कूटरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. चारचाकीचा विचार त्यांनी दोन ओळींत आटोपला : शहरातली धाव लिटरला चौदा किलोमीटर, आठ लाखांच्या गाडीचा दहा वर्षांचा घसारा, विमा आणि देखभाल असे सगळे धरून महिन्याला एकोणीस हजारांच्या वर रक्कम जाते आणि टोल त्याखेरीज द्यावा लागतो, अर्थात त्याच गाडीत चौघांनी रोज एकत्र जायचे ठरवले तर प्रत्येकाचा वाटा ४,८२५ रुपये, म्हणजे स्कूटरहून कमी येतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

इथवर दोघांत मतभेद नव्हता. तो सुरू झाला मेट्रोपाशी.

बोम्मसंद्र ते आर. व्ही. रोड या पूर्ण प्रवासाचे भाडे मार्गिका सुरू झाली तेव्हा साठ रुपये होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती आर. तारणी यांच्या अध्यक्षतेखालील दरनिश्चिती समितीच्या शिफारशींनंतर, नम्म मेट्रोचे किमान भाडे दहा आणि कमाल भाडे नव्वद रुपये झाले. पूर्वीची कमाल मर्यादा साठ होती. स्मार्टकार्डावर पाच टक्के सवलत मिळते, म्हणून साठाचे सत्तावन्न होतात आणि महिन्याच्या अठ्ठेचाळीस खेपांचे २,७३६. मुंबईच्या लोकलला जसा मासिक किंवा त्रैमासिक पास असतो, ज्यामुळे रोज जाणाऱ्याला दर खेपेचा भार नगण्य वाटू लागतो, तसा पास येथे नाही. रोजचा प्रवासी आणि वर्षातून एकदा येणारा पाहुणा जवळजवळ एकाच दराने जातात. काकांनी येथे मुंबईची आठवण वारंवार दिली, आणि ती अप्रस्तुत नव्हती, कारण उपनगरी रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट पाच रुपयांचे असलेल्या शहरातून आलेल्या माणसाला मेट्रोचे तिकीट हे वेगळ्याच जातीचे भाडे वाटणार.

“काका, तुमच्या वहीत मेट्रोचे २,७३६ रुपये स्कूटरच्या ५,११३ रुपयांच्या निम्म्याला थोडेसेच अधिक दिसतात. मग दादा मेट्रोने का जात नाही?” असा प्रश्न पुतणीने केला, तेव्हा काकांनी दिलेले उत्तर या संपूर्ण चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे ठरले. “कारण मेट्रो आनेकलला येत नाही. बोम्मसंद्रपर्यंतचे तेरा किलोमीटर कोणी तरी न्यायला हवे, आणि तू त्याची किंमत धरलीच नाहीस.”

ही किंमत धरली की चित्र कसे पालटते ते पाहण्यासारखे आहे. मुलगा घरून स्कूटरने बोम्मसंद्रला जातो, तेथे ती उभी करतो आणि पुढे मेट्रो घेतो, असे समजू. स्कूटरची धाव आता महिन्याला ६२४ किलोमीटर, म्हणून इंधन १,४२८ रुपये आणि झीज २५०. परंतु विमा पूर्वीइतकाच १५० आणि घसाराही जवळजवळ पूर्वीइतकाच ८३३, कारण गाडी कमी चालली तरी तिचे वय कमी होत नाही. यांची बेरीज २,६६१ आणि मेट्रोचे २,७३६ मिळून ५,३९७ रुपये होतात. वाहनतळाचे पैसे वेगळेच. म्हणजे अर्धा रस्ता सार्वजनिक वाहनाने जाणारा माणूस संपूर्ण रस्ता स्कूटरने जाणाऱ्यापेक्षा दरमहा २८४ रुपये अधिक खर्च करतो. पुस्तकी अर्थशास्त्रात सीमांत खर्च अशी एक संज्ञा आहे. एखादी गोष्ट आधीच हाताशी असताना तिचे आणखी एक माप वापरायला जे अधिकचे पैसे लागतात तो सीमांत खर्च. दारात उभ्या असलेल्या स्कूटरचा सीमांत खर्च किलोमीटरला पेट्रोलचे दोन रुपये एकोणतीस पैसे अधिक झिजेचे चाळीस पैसे, म्हणजे दोन रुपये एकोणसत्तर पैसे. मेट्रोचा दर एकोणीस किलोमीटरांना सत्तावन्न रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळपास तीन रुपये. बोम्मसंद्रपर्यंत स्कूटरवर आलेल्या माणसाला तेथे उतरण्याचे पैशाच्या दृष्टीने काहीही कारण उरत नाही, आणि सकाळी होसूर रस्त्यावर दिसणारी दुचाक्यांची रांग ही बेशिस्त किंवा हौस नसून एक अचूक हिशेब आहे, हा काकांचा निष्कर्ष मान्य करावाच लागतो.

रिक्षाचा पर्याय या कोष्टकात टिकतच नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून बंगळुरात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दोन किलोमीटरांना ३६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १८ रुपये आहे. या मीटरने तेरा किलोमीटरांना २३४ रुपये होतात, म्हणजे मेट्रोच्या पूर्ण पल्ल्याच्या चौपट. कमी अंतरासाठी स्वस्त ठरणाऱ्या बाइक टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १६ जून २०२५ पासून थांबवाव्या लागल्या, त्या नेमक्या मेट्रो सुरू होण्याच्या दोन महिने आधी.

यानंतर पुतणीने आपली वही उघडली, आणि तिची वही तासांची होती. तिने तीन वेळा गृहीत धरल्या : साध्या बसने दारापासून कचेरीपर्यंत दोन तास, बस आणि मेट्रो मिळून एक तास चाळीस मिनिटे, स्कूटरने एक तास वीस मिनिटे. वाहतूक पाहून या वेळा दहा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतील, परंतु त्यांचा क्रम सहसा बदलत नाही.  महिन्याच्या अठ्ठेचाळीस खेपांना बसचे शहाण्णव तास होतात, बस-मेट्रोचे ऐंशी आणि स्कूटरचे चौसष्ट. तिचे म्हणणे असे की, या तासांना किंमत आहे. वाहतूकशास्त्रात तिला प्रवासकाळाचे मूल्य म्हणतात, आणि ते काढण्याची एक रूढ रीत म्हणजे माणसाच्या तासाच्या मिळकतीचा काही हिस्सा, बहुधा निम्मा, प्रवासाच्या तासाला लावणे. महिना वीस हजार मिळवणाऱ्याचा तास शहाण्णव रुपयांचा धरला, तर प्रवासाचा तास अठ्ठेचाळीसचा. या दराने बसचा खरा खर्च १,२०० वरून ५,८०८ वर जातो, बस-मेट्रोचा ७,७७६ वर आणि स्कूटरचा ८,१८५ वर.

“मग बस तरीही पहिलीच आली,” काका म्हणाले.

“वीस हजारांच्या पगाराला आली. बस सोडून स्कूटर घेतली तर ३,९१३ रुपये अधिक जातात आणि बत्तीस तास वाचतात, म्हणजे वाचलेला तास १२२ रुपयांना पडतो. ज्याचा पगार पन्नास हजारांच्या पुढे आहे त्याला हा सौदा परवडतो, इतरांना नाही. आनेकलच्या रस्त्यावर कोण कशाने जातो हे याच एका आकड्यावरून पुष्कळसे सांगता येते.”

येथे काकांनी जो आक्षेप घेतला तो पुतणीच्या शास्त्रातील एका जुन्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा होता. त्यांचे म्हणणे असे की, वाचलेल्या तासाचा पगार कोणी देत नाही. मुलगा चाळीस मिनिटे लवकर घरी आला म्हणून महिनाअखेरीस वहीत एक रुपयाही अधिक जमा होत नाही, तेव्हा न मिळालेला पैसा खर्चात धरणे हे हिशेबाच्या शिस्तीला धरून नाही. पण त्याहून मोठी अडचण पुढची आहे. तासाची किंमत मिळकतीवरून ठरवली, तर ज्याची मिळकत कमी त्याचा तास स्वस्त, आणि मग उड्डाणपूल कोठे बांधावा, कोणाचा वेळ वाचवावा हे ठरवताना मोठ्या पगाराच्या माणसाची दहा मिनिटे बोम्मसंद्रच्या कारखान्यातील कामगाराच्या अर्ध्या तासाला भारी पडतात. सिल्क बोर्ड ते इलेक्ट्रॉनिक सिटी हा सुमारे दहा किलोमीटरांचा उन्नत टोलरस्ता जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. त्यावरून जाण्यासाठी दुचाकीलाही पथकर भरावा लागतो. वर वेळ विकत मिळतो आणि खाली तो गर्दीत घालवावा लागतो, अशी दुमजली व्यवस्था त्याच गणितातून उभी राहते, असे काकांनी सांगितले, आणि पुतणीला ते नाकारता आले नाही. सर्वांच्या तासाला एकच दर लावावा, अशी एक दुरुस्ती तिने सुचवून पाहिली. परंतु अखेरीस दोघांनी तासांचे रुपये करायचेच नाहीत, रुपयांचा एक रकाना आणि तासांचा दुसरा, असे ठरवले. प्रस्तुत लेखाच्या मते ही तडजोड नव्हे. हाच अधिक प्रामाणिक हिशेब आहे, कारण तो वाचणाऱ्याला आपल्या दृष्टीने तास किती मोलाचा हे स्वतः ठरवू देतो.

तासांचा रकाना वेगळा काढताच सुनेचा प्रश्न उघडा पडला. ११ जून २०२३ पासून कर्नाटक शासनाच्या शक्ती योजनेखाली राज्यातील रहिवासी स्त्रियांना चारही राज्य परिवहन महामंडळांच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो; वातानुकूलित आणि इतर उंची बस त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात स्त्रियांना निम्मी सवलत सुरू झाली होती, तिच्या तुलनेत ही योजना एक पाऊल पुढे गेली, मात्र तिच्यासाठी कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र लागते; महाराष्ट्रातला पत्ता आधारकार्डावर तसाच राहिलेल्या स्त्रीला वाहक तिकीटच देतो, ही गोष्ट महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या घरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुनेचा पत्ता बदलून झाला आहे असे धरले, तर काकांच्या वहीत तिच्या प्रवासाच्या पुढे शून्य लिहिले जाते, आणि घराच्या दृष्टीने प्रश्न मिटतो : मुलाला स्कूटर, सुनेला बस, दोघांचा मिळून खर्च ५,११३.

“काका, त्या शून्याच्या शेजारच्या रकान्यात काय आहे?”

“शहाण्णव.”

शहाण्णव तास म्हणजे आठ तासांचे बारा कामाचे दिवस, आणि ते अशा व्यक्तीचे की जिला घरी परतल्यावर स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास यांसाठी पुन्हा उभे राहायचे असते. पुतणीचे म्हणणे असे होते की, शक्ती योजनेने हजारो स्त्रियांना घराबाहेर पडण्याचा आणि स्वतःच्या मिळकतीचा मार्ग मोकळा केला, यात शंका नाही; कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीचे बाराशे रुपये वाचणे ही तिच्या पगारातील प्रत्यक्ष वाढच आहे. परंतु फुकट या शब्दात एक धोका आहे, तो असा की घरात साधनांची वाटणी करताना जिचा प्रवास फुकट तिच्या वेळेचा विचार होत नाही. स्कूटर नेहमी त्याच्याकडे जाते जो तिच्यावर पैसे खर्च करणार, आणि बसमधील ताटकळणे तिच्या वाट्याला येते जिचे पैसे लागणार नाहीत. काकांनी यावर बराच काळ उत्तर दिले नाही. नंतर त्यांनी मांडलेला मुद्दा चुकीचा नव्हता : शासनाच्या योजनेने स्त्रीला पर्याय दिला, तो कसा वापरायचा हे घराने ठरवले, तेव्हा दोष योजनेचा नव्हे, घराचा. पुतणीला तेच म्हणायचे होते.

जोखमीचा हिशेब दोघांनी फार ताणला नाही, कारण त्यावर दोघांचे एकमत होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. ही जोखीम विम्याच्या दीडशे रुपयांत बसत नाही. घरातील मिळवत्या माणसाला महिन्यातून अठ्ठेचाळीस वेळा महामार्गावर उतरवण्याची किंमत कोणत्याही रकान्यात भरता येत नसली, तरी ती नाही असे मानणे हा हिशेब नव्हे.

सार्वजनिक खर्चावर मात्र पुन्हा खडाजंगी झाली. उद्घाटनाच्या वेळी शासनाने दिलेल्या माहितीप्रमाणे पिवळ्या मार्गिकेला सुमारे ७,१६० कोटी रुपये लागले, म्हणजे किलोमीटरला तीनशे सत्तर कोटींच्या वर. काकांचा प्रश्न असा की, एवढा पैसा करदात्याने ओतूनही आनेकलच्या माणसाला स्कूटरपेक्षा स्वस्त जाता येत नसेल, तर त्याच पैशात किती बस धावल्या असत्या? पुतणीने बाह्य खर्चाची कल्पना पुढे आणली. एखाद्याच्या व्यवहाराचा जो भार तो स्वतः उचलत नाही आणि इतरांवर पडतो, उदाहरणार्थ धूर, आवाज, अडलेला रस्ता, तो बाह्य खर्च. स्कूटरवाल्याच्या ५,११३ रुपयांत सिल्क बोर्डच्या चौकात त्याच्यामुळे मागच्या बसमधील साठ जणांची गेलेली मिनिटे नाहीत. मेट्रो ती मिनिटे कोणाकडूनही घेत नाही. तत्त्वतः हे खरे आहे, पण काकांनी उलट विचारलेला प्रश्नही तितकाच खरा होता, की जो भार इतरांवर पडतो तो कमी करायचा असेल तर त्या माणसाला मेट्रोत बसण्याचे कारण द्यायला नको का?

याच प्रश्नाने दोन्ही वह्या एकत्र आल्या. मार्गिका सुरू झाली तेव्हा चालकाविना धावू शकणाऱ्या तीनच गाड्या उपलब्ध होत्या आणि दोन गाड्यांमधील अंतर पंचवीस मिनिटांचे होते. पुढे गाड्या येत गेल्या तसे ते कमी झाले. प्रवासी गाडीत बसलेला वेळ जितका सोसतो त्याहून थांब्यावर उभा असलेला वेळ त्याला जड वाटतो, म्हणूनच वाहतूकशास्त्रात वाट पाहण्याचे मिनिट दीडपट ते दुप्पट धरण्याची पद्धत आहे. आनेकलच्या प्रवाशाला ही वाट दोनदा पाहावी लागते, एकदा बसची आणि एकदा मेट्रोची, आणि संध्याकाळी बोम्मसंद्रला उतरल्यावर आनेकलची शेवटची सोयीची बस नुकतीच गेलेली असली तर तिसऱ्यांदा. पुतणीने येथे एक साधे गणित केले. बस-मेट्रोने जाणारा महिन्याला ३,९३६ रुपये देतो, १,२०० पासचे आणि २,७३६ मेट्रोचे. नुसत्या बसपेक्षा २,७३६ अधिक देऊन तो सोळा तास वाचवतो, म्हणजे वाचलेला तास १७१ रुपयांना, स्कूटरच्या १२२ पेक्षा महाग. आता आनेकलची बस मेट्रोच्या वेळेला धरून सुटली आणि दर खेपेला केवळ वीस मिनिटांचे थांबणे टळले, भाडे एका पैशानेही कमी झाले नाही, नवा रूळ टाकला नाही, तर प्रवास एक तास वीस मिनिटांचा होतो, वाचलेले तास बत्तीस होतात आणि तासाची किंमत ८६ रुपयांच्या खाली येते. स्कूटरइतकाच वेळ आणि तिच्याहून महिन्याला १,१७७ रुपये कमी.

काकांनी ही बेरीज दोनदा तपासली. त्यांची मूळ भूमिका अशी होती की साधन स्वस्त किंवा महाग असते. या आकड्यांनंतर त्यांनी ती सुधारली आणि म्हटले की साधन नव्हे, सांधा महाग असतो. एका वाहनातून दुसऱ्यात जाण्याची जी जागा, तेथे वेळ गळतो, आणि तो गळलेला वेळच माणसाला पुन्हा स्कूटरकडे ढकलतो. प्रस्तुत लेखाला या सगळ्या चर्चेतील सर्वांत धरून ठेवण्यासारखे वाक्य हेच वाटते. शहराचे नियोजन करणाऱ्यांचे लक्ष नेहमी मुख्य मार्गिकेवर असते, कारण तिचे उद्घाटन करता येते. तेरा किलोमीटरांवरच्या गावातून वेळेवर सुटणाऱ्या बसचे उद्घाटन होत नाही. मेट्रोबरोबर बीएमटीसीच्या काही पूरक फेऱ्या, ज्यांना फीडर म्हणतात, सुरू झाल्या, परंतु फेरी असणे आणि ती गाडीच्या वेळेला जोडलेली असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पुतणीला आणखी एक धागा ओढायचा होता, तो घरभाड्याचा. विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार शहराच्या केंद्रापासून दूर जावे तसे जागेचे भाडे उतरते आणि प्रवासाचा खर्च चढतो, आणि प्रत्येक कुटुंब या दोहोंच्या बेरजेवर आपले ठिकाण ठरवते. चंदापूर-आनेकल रस्त्यालगत कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने सूर्यनगर वसवले तेव्हापासून मध्यम मिळकतीची असंख्य कुटुंबे याच बेरजेवर इकडे आली. त्यामुळे तिच्या मते मुलाचा प्रवासखर्च हा वेगळा खर्च नसून घरभाड्याचाच एक भाग आहे, जो घरमालकाऐवजी पेट्रोलपंपाला दिला जातो. काकांना ही मांडणी पटली, परंतु त्यांनी एक दुरुस्ती सुचवली : भाडे पैशांत भरले जाते, प्रवासाचा काही भाग मात्र सुनेच्या तासांत भरला जातो, तेव्हा बेरीज करायचीच तर ती दोन्ही रकान्यांची करावी.

पुढच्या योजनांबद्दल दोघांची अपेक्षा मर्यादित होती. बोम्मसंद्रपासून चंदापूर, अत्तिबेलेमार्गे तमिळनाडूतील होसूरपर्यंत मेट्रो नेण्याच्या प्रस्तावावर चर्चा होते. पण नम्म मेट्रो तिसऱ्या रुळातून मिळणाऱ्या ७५० व्होल्ट एकदिश विजेवर चालते, चेन्नईची मेट्रो डोक्यावरच्या तारेतील २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर, आणि दोन राज्यांची दोन तंत्रे एका मार्गावर जुळवणे हा केवळ कागदी प्रश्न नाही. तो सुटला आणि मेट्रो चंदापूरला आली, तर आनेकलचे तेरा किलोमीटर दहावर येतील. बंगळूरच्या उपनगरी रेल्वेच्या १४८ किलोमीटरांच्या चार मार्गांची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली, आणि त्यांपैकी कनक नावाची मार्गिका राजानुकुंटेहून निघून हीललिगेला संपते. हीललिगे स्थानक चंदापूरजवळ आहे. आनेकल रोड नावाचे स्थानक त्याच रुळावर पुढे आहे, परंतु मार्गिका त्याच्या अलीकडेच थांबते. तेथून गावापर्यंत त्याही वेळी बसच लागणार आहे, आणि ती गाडीला धरून सुटेल की नाही, हा काकांच्या वहीत आजही कोरा असलेला रकाना आहे.